पाठीराखे की अनुयायी?



रविवारच्या पहिल्या मिस्साला आपले काही तरुण डोळे चोळत येतात. त्यामागचे कारण घरोघरी ठाऊक आहे. युरोपातले फुटबॉलचे सामने आपल्याकडे टीव्हीवर रात्री उशिरा सुरू होतात आणि पुष्कळदा मध्यरात्र उलटल्यावर संपतात. घरातले सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद, आणि गोल झाला की उशीत तोंड खुपसून ओरडायचे, हा प्रकार अनेक आईबापांनी पाहिला आहे. काही जण मिस्साला येतच नाहीत; पण तो विषय आज बाजूला ठेवू. आज त्यांच्यावर रागवायचे नाही.

उलट त्यांची निष्ठा पाहून आम्हांला कित्येकदा थोडी लाजच वाटली आहे. ज्या शहरात कधी पाऊल ठेवले नाही, तिथल्या संघासाठी ही मुले जीव टाकतात. संघ हरला तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. वर्षानुवर्षे संघाला एकही चषक मिळत नाही, तरी ती संघ बदलत नाहीत. बदलणाऱ्याची चेष्टा करतात. कोणता गोल कितव्या मिनिटाला झाला हे त्यांना तोंडपाठ असते. आपल्यापैकी किती जणांना मागच्या रविवारचे शुभवर्तमान आठवते? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारून पाहिला. उत्तर सांगण्यासारखे नाही.

असे प्रवचन आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले असेल. फुटबॉलवेड्यांकडे पाहा, तशी निष्ठा प्रभूच्या ठायी ठेवा. आम्हीही एवढेच लिहून थांबणार होतो. मात्र लिहिता लिहिता ग्लासगो शहरातल्या एका क्लबचा इतिहास वाचनात आला आणि पहिले दोन कागद फाडावे लागले. त्या क्लबचे नाव सेल्टिक. हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा त्यांचा सदरा आपल्या मुलांच्या ओळखीचा असेल. तो क्लब एका व्रतस्थ ब्रदरने चर्चच्या सभागृहात सुरू केला, हे मात्र त्यांनाही बहुधा ठाऊक नसेल.

१८४५ पासून पुढची काही वर्षे आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली, लाखो परागंदा झाली. त्यांतली हजारो माणसे समुद्र ओलांडून स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहराच्या पूर्व भागात येऊन राहिली. सुताच्या गिरण्या, धूर, एका खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे. मुंबईच्या गिरणगावातली चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. बहुतेक सगळे कॅथलिक, आणि भोवतालचे बहुसंख्य लोक प्रॉटेस्टंट. पोटाची मारामार होतीच, वर परकेपणा.

अँड्र्यू केरिन्स हा त्यांच्यातलाच. त्याचा जन्म १८४० साली आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात बॅलीमोट येथे झाला. पुढे तो मारिस्ट ब्रदर्सच्या संघात दाखल झाला आणि ब्रदर वॉलफ्रिड झाला. १८७४ साली ग्लासगोच्या ब्रिजटन भागातल्या पवित्र हृदयाच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. शाळेत मुले येत ती उपाशी. उपाशी मुलाला धर्मशिक्षण काय आणि गणित काय, सारखेच. म्हणून ब्रदर वॉलफ्रिड आणि त्याचे सहकारी यांनी संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या मदतीने शाळेतच जेवण सुरू केले. एका पेनीत गरम जेवण. घरून पाव आणला तर अर्ध्या पेनीत मोठा वाडगाभर सूप. आणि ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला फुकट. यातली मधली सोय आम्हांला फार आवडली. ज्या आईला फुकटचे नको आहे, पण पूर्ण पेनीही परवडत नाही, तिची मान खाली जाऊ नये याचा कोणीतरी विचार केला होता.

इतिहास सांगताना त्याचे टोक बोथट करू नये, म्हणून हेही सांगायला हवे. त्याच भागात प्रॉटेस्टंट मंडळीही गरिबांसाठी अन्नछत्रे चालवीत होती, आणि तिथे जाणारी कॅथलिक मुले आपल्या श्रद्धेला मुकतील अशी धास्ती ब्रदर वॉलफ्रिडला होती. त्याच्या प्रेमात थोडी चढाओढ मिसळलेली होती. आपल्या चांगल्या कामांतही ती असते.

जेवणाला पैसे लागत. तिकडे एडिंबरा शहरात आयरिश कॅथलिकांचा हायबर्नियन नावाचा क्लब होता. त्याने १८८७ साली स्कॉटिश चषक जिंकला. फुटबॉलला गर्दी जमते आणि गर्दी तिकिटाचे पैसे देते, हे ब्रदर वॉलफ्रिडने हेरले. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी कॅल्टन भागातल्या सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात बैठक झाली आणि सेल्टिक क्लबची स्थापना झाली. जानेवारी १८८८ मध्ये वर्गणीसाठी जे पत्रक काढले, त्यात क्लबचा मुख्य हेतू सरळ लिहिला होता, की सेंट मेरीज, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकल्स या तीन धर्मग्रामांतल्या गरजू मुलांच्या जेवणासाठी संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेला पैसा पुरवायचा. लोकांनी स्वतः राबून मैदान तयार केले. २८ मे १८८८ रोजी पहिला सामना झाला. प्रतिस्पर्धी होता त्याच शहरातला रेंजर्स क्लब. सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. आणि सामना संपल्यावर दोन्ही संघ सेंट मेरीजच्या सभागृहात एकत्र जेवायला बसले.

हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्यांना सेल्टिक आणि रेंजर्स ही नावे ठाऊक आहेत, त्यांना ते खरे वाटणार नाही.

कारण पुढे ते टेबल मोडले. १८९२ साली ब्रदर वॉलफ्रिडची लंडनला बदली झाली. आज्ञाधारकपणे तो गेला, आणि तिथेही गरीब मुलांसाठी फुटबॉलचे सामने भरवू लागला. इकडे १८९७ साली क्लब मर्यादित कंपनी झाला. भागधारक आले, लाभांश आला आणि उपाशी मुलांची पंगत मागे पडली. विसाव्या शतकात तर हे दोन क्लब म्हणजे दोन छावण्या झाल्या. हिरवा म्हणजे कॅथलिक, निळा म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही, असा अलिखित नियम रेंजर्सने अनेक दशके पाळला. १९८९ साली त्यांनी मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतले तेव्हा त्यांच्याच काही पाठीराख्यांनी गळ्यातले निळे स्कार्फ जाळले. जॉन्स्टन पूर्वी सेल्टिककडून खेळलेला, त्यामुळे तिकडच्यांनी त्याला गद्दार ठरवले. बिचाऱ्याचा धर्म दोघांनाही नडला.

दोष एकट्या रेंजर्सवाल्यांचा होता, असे कॅथलिक वाचकाला वाटण्याचा मोह होईल. आम्हांलाही झाला. पण सेल्टिकच्या बाजूनेही बंदूकधाऱ्यांचा गौरव करणारी गाणी स्टेडियममध्ये गाइली गेली आहेत. गळ्यात क्रूस आणि तोंडात शिव्या, हे दृश्य दोन्हीकडे होते. १९९५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सोळा वर्षांचा एक मुलगा सेल्टिकचा सामना पाहून घरी चालला होता. त्याने कोणाची कुरापत काढली नव्हती. अंगावरच्या रंगांवरून त्याला ओळखले आणि भर रस्त्यात त्याचा गळा चिरला. तो सामना रेंजर्सशीही नव्हता. हे घडले ब्रिजटनमध्ये. ज्या वस्तीत एका ब्रदरने मुलांना सूप वाढले, त्याच वस्तीत त्या सुपातून निघालेल्या क्लबच्या नावावरून एक मूल मारले गेले.

बंधुभगिनींनो, इथे आम्ही बराच वेळ थांबलो. वाईट हेतूने सुरू झालेली गोष्ट वाईटाकडे गेली तर नवल नाही. पण ही तर भुकेल्याला अन्न देण्यासाठी सुरू झालेली गोष्ट होती. मग चुकले कुठे?

मराठीत संघाच्या चाहत्याला आपण पाठीराखा म्हणतो. शब्द सुंदर आहे. पाठ राखणारा, पाठीशी उभा राहणारा. हाच शब्द आपण परमेश्वरासाठीही वापरतो; संकटात तो आपला पाठीराखा. मात्र आपण जेव्हा देवाचे पाठीराखे व्हायला निघतो, तेव्हा गडबड होते. जणू देवाला आपल्या संरक्षणाची गरज आहे, जणू तो खेळतो आहे आणि आपण कडेला उभे राहून त्याच्या वतीने ओरडायचे आहे. प्रभू येशूने गालिलीच्या किनाऱ्यावर कोळ्यांना हाक मारली ती पाठीराखे होण्यासाठी नव्हे. माझ्या मागे या, असे त्याने सांगितले. मागे जाणाऱ्याला चालावे लागते. पाठीराख्याला बसून भागते.

पेत्राकडेच पाहा ना. गेथशेमानीच्या बागेत त्याने तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापला. आपल्या बाजूसाठी केवढा आवेश! आणि त्याच रात्री, थोड्याच वेळाने, लूक सांगतो त्याप्रमाणे तो प्रभूच्या मागून गेला खरा, पण अंतर ठेवून. वाड्याच्या अंगणात शेकोटी पेटलेली होती, तिथे इतरांबरोबर जाऊन बसला आणि ऊब घेत पुढे काय होते ते पाहू लागला. तिथे एका दासीने विचारल्यावर तो माणूस आपल्या ओळखीचाच नाही, असे म्हणाला. समोरच्यावर तुटून पडायला तयार, पण स्वतःवर वेळ आली की प्रेक्षकांत. आम्हांला वाटते, पेत्र त्या रात्रीपुरता पाठीराखा झाला होता. पुनरुत्थित ख्रिस्ताने त्याला पुन्हा हाक मारली ती तलवारीसाठी नव्हे. कोकरांना चारायला लावले. खायला घालण्याचेच काम.

याकोब आणि योहान यांचेही तेच. एका शोमरोनी गावाने प्रभूला उतरायला जागा दिली नाही, तर हे दोघे भाऊ आकाशातून अग्नी पाडायची परवानगी मागू लागले. आजच्या कोणत्याही स्टेडियममध्ये ते शोभले असते. प्रभूने वळून त्यांना धमकावले, आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. झाले, एवढेच. लूकने त्या दोघांचे पुढचे तोंड कसे झाले ते लिहिलेले नाही, पण आपण कल्पना करू शकतो. संत पौलाला तर करिंथच्या मंडळीत सरळ गटच पडलेले दिसले. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा, तिसरा केफाचा. पौलाने आपल्या नावाचा गटसुद्धा मोडून काढला. आपला गट मोठा होत असताना तो मोडणे, हे किती कठीण असते ते ज्यांनी एखादे मंडळ चालवले आहे त्यांना विचारा.

ग्लासगोतही सगळे काही काळेच नव्हते. सेल्टिकच्या इतिहासातला सर्वांत मोठा मॅनेजर म्हणजे जॉक स्टीन. कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस, आणि प्रॉटेस्टंट. तो सेल्टिककडे गेला तेव्हा त्याच्या गावातल्या काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी बोलणे टाकले. १९६५ साली तो क्लबचा पहिला प्रॉटेस्टंट मॅनेजर झाला. दोनच वर्षांनी, २५ मे १९६७ रोजी, लिस्बन येथे सेल्टिकने इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन चषक जिंकला. ब्रिटनमधल्या क्लबने तो पहिल्यांदाच जिंकला होता. संघातले सगळे खेळाडू सेल्टिकच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. त्यांत कॅथलिक होते आणि प्रॉटेस्टंटही. तो दिवस ख्रिस्तशरीराच्या सणाचा होता. एका भाकरीत सहभागी होणारे सगळे एक शरीर, असे आपण त्या सणाला मानतो. मैदानावर त्या दिवशी अकरा जण एक शरीर होऊन खेळले, आणि कोणता अवयव कोणत्या चर्चचा हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही.

दुसरा प्रसंग दुःखाचा आहे. २ जानेवारी १९७१. रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर याच दोन संघांचा सामना. खेळ संपताना दोन्ही बाजूंनी एकेक गोल झाला आणि बरोबरी झाली. गर्दी बाहेर पडत असताना तेराव्या क्रमांकाच्या जिन्यावर माणसे एकमेकांवर कोसळली. ६६ जण मृत्युमुखी पडले. मार्किंच या एकाच गावातले पाच तरुण मुलगे त्यांत होते. त्यानंतर शहरातल्या सेंट अँड्र्यूज या कॅथलिक कॅथेड्रलमध्ये मृतांसाठी मिस्सा झाली, तेव्हा दोन्ही क्लबांची माणसे तिथे बसली होती. त्याच महिन्यात मृतांच्या कुटुंबीयांना मदत करण्यासाठी दोन्ही क्लबांच्या खेळाडूंचा एकच संघ तयार झाला आणि हॅम्पडन मैदानावर स्कॉटलंडच्या संघाविरुद्ध खेळला. ही एकी फार काळ टिकली नाही, हे आपण वर पाहिलेच. पण ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. मरणाने जे शिकवले ते जगताना विसरले, असे आपल्याही घरांत होते. बापाच्या अंत्यविधीला गळ्यात गळा घालून रडलेले भाऊ वर्षश्राद्धाच्या मिस्साला वेगवेगळ्या बाकांवर बसलेले आपण पाहिले नाहीत का?

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच आवारात तरुणांची फुटबॉल स्पर्धा झाली होती. अंतिम सामन्यात पेनल्टीवरून वाद झाला. मुले मुलांसारखी भांडली. ती संध्याकाळी विसरलीही असती. पण कडेला खुर्च्या टाकून बसलेले आम्ही मोठे गप्प बसलो नाही. कोण कोणत्या आळीचा, कोणाच्या घराण्याने पूर्वी काय केले, हे सगळे त्या एका शिट्टीवरून निघाले. पंचाचे काम करणाऱ्या मुलाला जे ऐकवले गेले ते इथे लिहिता येत नाही. आणि ते ऐकवणाऱ्यांत, देव क्षमा करो, आमचाही आवाज होता. त्यानंतर जवळपास वर्षभर दोन आळ्यांतली काही माणसे मिस्सामध्ये शांतीची खूण देताना नेमकी दुसऱ्या बाजूला वळत होती. त्यातले दोन मुलगे वेदीसेवक. दोघे एकाच वेदीपाशी उभे राहायचे, एक घंटा वाजवायचा, दुसरा पाणी द्यायचा, आणि एकमेकांकडे पाहायचे नाहीत. आम्ही ते दर रविवारी पाहत होतो. सांगायला तोंड नव्हते, कारण सुरुवात त्यांनी केलेली नव्हती. तो पंच झालेला मुलगा नंतर स्पर्धेत कधी उतरला नाही.

ब्रिजटन फार लांब आहे असे म्हणून ते पान उलटणे आम्हांला म्हणूनच जमले नाही. आपल्याकडे कोणी गळे चिरत नाही, देवाची कृपा. पण बीज ओळखीचे आहे. आपण सणाच्या मिरवणुकीत झेंडा कोणी धरायचा यावर रुसतो. शेजारच्या गावच्या चर्चचा मंडप मोठा झाला की आपल्याला टोचते. दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनेला कोणी गेला तर तो बरा झाला की नाही हे विचारण्याआधी तो तिकडे गेलाच कसा, हे विचारतो. चर्चची पाठ राखण्यात आपण पटाईत झालो आहोत. व्हिन्सेंट डी पॉलच्या यादीतल्या म्हाताऱ्या मावशीकडे महिन्याचे धान्य घेऊन जायला मात्र दर वेळी तीच चार माणसे असतात, आणि त्यांतल्या दोघांचे गुडघे आता दुखतात.

ब्रदर वॉलफ्रिड १९१५ साली डम्फ्रीज येथे वारला आणि तिथेच त्याला पुरले. २००५ साली सेल्टिकच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळे काय, उभे राहतात. त्यापेक्षा आम्हांला दुसरी बातमी मोलाची वाटली. गेल्या काही वर्षांत क्लबच्या पाठीराख्यांनीच सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर गरिबांच्या अन्नपेढीसाठी धान्य, डबे आणि पैसे गोळा करायला सुरुवात केली आहे. सामन्याला जाणारा माणूस गळ्यात स्कार्फ घालून येतो आणि हातातली पिशवी तिथे रिकामी करून आत जातो. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती पंगत पुन्हा मांडली जात आहे, आणि मांडणारे कोणी व्रतस्थ नाहीत, साधे प्रेक्षक आहेत.

युवक मंडळाने यंदा पुन्हा स्पर्धा घ्यायचे ठरवले आहे. मुलांनी आमच्याकडे परवानगी मागितली तेव्हा आम्ही दोनच गोष्टी मागितल्या. प्रवेश फीचे पैसे चषकावर खर्च न करता व्हिन्सेंट डी पॉलच्या पेटीत जातील. चषक जुनाच घासूनपुसून द्यावा. आणि अंतिम सामना झाल्यावर दोन्ही संघ, पंचासकट, आपल्या सभागृहात एका पंगतीला जेवतील. मुलांनी दोन्ही मान्य केल्या, फक्त जेवणात काय असणार ते आधी विचारले. ज्यांना स्वयंपाकात हातभार लावायचा असेल त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात यावे. कडेला खुर्च्या यंदा मांडणार नाही. आम्ही वाढायला उभे राहणार आहोत, आणि त्या वर्षी शिट्टी ज्याच्या हातात होती त्या मुलाच्या घरी बोलावणे करायला आम्ही स्वतः जाणार आहोत.